एकतीस नंबरची काच

घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. वय चौपन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, चष्म्याचा नंबर दर वर्षी वर सरकणारा, तरी धाकटी ती धाकटीच. थोरला भाऊ विमानात बसून यावं लागेल इतका लांब राहतो आणि तिथून फोनवर सल्ले देतो. त्यामुळे आई, आईचं आजारपण, जिन्यातला बंद दिवा आणि गळका नळ हे सगळं धाकटीच्या वाट्याला आलेलं. यातला गळका नळ जरा लाजिरवाणा आहे, कारण धाकटी नोकरीला आहे ती शहराच्या पाणीपुरवठा खात्यात.

खात्यात ती तक्रारींच्या खिडकीवर बसते. समोर जाड काच, काचेला खाली अर्धगोल भोक. माणसं वाकून त्या भोकात तोंड घालतात आणि आपल्या नळाची कर्मकहाणी सांगतात. पाणी येत नाही, येतं ते गढूळ येतं, शेजाऱ्याला येतं मग मलाच का नाही. धाकटी 'अर्ज भरा' म्हणते, भरलेला अर्ज ओढून घेते, खाली सही ठोकते, शिक्का मारते. दिवसाला ऐंशी-नव्वद सह्या. सुरुवातीला ती प्रत्येक अर्ज वाचायची. पुढे हात आपला आपण चालायला लागला आणि डोकं तेवढ्या वेळात बाजूला बसून राहायला शिकलं. सव्वीस वर्षं एका खिडकीवर काढली की एवढं तरी यायलाच हवं.

साडेपाचला खिडकी बंद होते. पावणेसहाची बस तिला गल्लीच्या तोंडाशी सोडते. तिथून घर दोन मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर. पण धाकटी घरी जात नाही.

घराच्या समोरच्या बाजूला, जरा तिरकं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. दुकान बंद पडून बरीच वर्षं झाली. शटर गंजलं, पाटीवरची अक्षरं उडाली, उरल्या फक्त दोन दगडी पायऱ्या. त्यातल्या वरच्या पायरीवर धाकटी रोज बसायची. पर्स मांडीवर, चपला काढून खालच्या पायरीवर, पाय चपलांवर. वीस मिनिटं. काही करायची नाही. फोन बघायची नाही, कुणाशी बोलायची नाही. मांजर आलं तर त्याच्याकडे बघायची, नाही आलं तर नाही बघायची.

मग उठून घरी. दार उघडलं की म्हणायची, "आज पण बस उशिरा आली."

सात वर्षं ती बस उशिरा येत होती. बिचारा ड्रायव्हर घड्याळाच्या काट्यावर गाडी आणायचा, आणि या घरात त्याच्याइतका बदनाम माणूस दुसरा नव्हता.

सात वर्षांपूर्वी आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, जिभेलाही जडपणा आला. डोकं शाबूत, पण शब्द सापडायला वेळ लागतो, आणि सापडला तरी तोंडातून बाहेर पडेपर्यंत समोरच्याचा धीर सुटतो. दिवसा सांभाळायला मावशी येतात, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. सातनंतरचं आणि आठच्या आधीचं सगळं धाकटीचं. कूस बदलायची, कपडे बदलायचे, चादर बदलायची. गोळ्या बारीक करून सूपमध्ये मिसळायच्या. पाठीला पावडर, टाचांखाली उशी. ती हे सगळं डोळ्यांत तेल घालून करते. सात वर्षांत आईच्या अंगावर एक जखम झालेली नाही. येणारे-जाणारे म्हणतात, "तुमच्यासारखी मुलगी मिळायला भाग्य लागतं हो." हे ऐकलं की धाकटीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं. कारण त्यांना पायऱ्या माहीत नसतात.

घरी जावंसं वाटत नाही, एवढीच साधी गोष्ट. पण ती स्वतःशी बोलायचाही तिला धीर होत नव्हता. आणि आईला ते कधीही कळू नये, यासाठी ती जिवाचं रान करायला तयार होती. बाकी काही मागणं नव्हतं तिचं. आईने आपलं म्हणून असं समजावं की मुलगी धावत घरी येते, बसच मेली हळू चालते.

आईचा पलंग खिडकीला लागून होता. खिडकी मोठी, एकसंध काचेची, पलंगाच्या उंचीपासून वर सुरू होणारी. आई आजारी पडली तेव्हाच धाकटीने एकदा उशीजवळ डोकं नेऊन खात्री करून घेतली होती. तिथून दिसायच्या विजेच्या तारा आणि समोरच्या घराचा वरचा मजला. गल्ली नाही, पायऱ्या नाहीत. तिचा जीव भांड्यात पडला होता. पुढे दोन वर्षांनी साधा पलंग जाऊन दवाखान्यातल्यासारखा दांडा फिरवून डोक्याकडून उंच होणारा पलंग आला. तेव्हा मात्र तिने पुन्हा वाकून बघितलं नाही. तेव्हा ती इतकी थकलेली होती की पलंग जिना चढून वर आला हेच खूप झालं होतं.

खिडकी पश्चिमेची. चारनंतर ऊन सरळ आईच्या तोंडावर. मावशी पडदा ओढायच्या, आई घशातून आवाज काढून तो उघडायला लावायची. डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण पडदा नको. रोज संध्याकाळी मावशींचं गाऱ्हाणं ठरलेलं.

"ताई, माई पडदा ओढू देत नाहीत. डोळे लाल होतात त्यांचे. सांगून सांगून मी हात टेकले."

ऑफिसात तक्रारी, घरीही तक्रारी. इथे अर्धगोल भोकाची काचही मध्ये नव्हती.

अशात एकदा दाढ दुखते म्हणून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. बाहेरच्या खोलीत नंबर लावून बसली. दवाखान्याचं दार रंगीत काचांचं होतं, आणि त्यातून हिरव्या उजेडाचा एक तुकडा येऊन तिच्या हातावर पडला होता. हात तोच, शाईचे डाग असलेला, फुगलेल्या शिरांचा. पण हिरवा झाल्यामुळे तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता, कधी कामाला न लागलेल्या बाईचा. ती त्या हाताकडे बघत बसली. तिचा नंबर पुकारला तो दोनदा तिला ऐकू आला नाही.

बाहेर पडताना तिने दार करणाऱ्याचा पत्ता मागून घेतला. आईच्या खिडकीला असल्या काचा बसवायच्या. ऊन डोळ्यांना लागणार नाही, समोरच्यांना आत दिसणार नाही, पडद्याची कटकट जाईल, आणि आईच्या पांढऱ्या चादरीवर रोज काहीतरी बघण्यासारखं पडेल.

थोरल्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, काचेवर चिकटवायचा कागद मिळतो. दोन तासांचं काम."

"मग ये आणि चिकटव," धाकटी म्हणाली. त्यावर लगेच त्याच्याकडे कुणीतरी दार वाजवलं.

काचवाले काका मोजमाप घ्यायला आले ते सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी. उंच, किडकिडीत, साठी उलटलेले. दहा बोटांपैकी चार बोटांना चिकटपट्ट्या. धाकटीला वाटलं, लांबी-रुंदी घेतील आणि जातील. पण यांनी टेप खिशातून काढलीच नाही.

"बघणार कोण?" त्यांनी विचारलं.

"आई."

"झोपून, की बसून?"

"झोपून. म्हणजे थोडंसं टेकून पण. मावशी पलंग वर करतात चहाच्या वेळी."

"किती वाजता जास्त बघतात?"

सव्वीस वर्षं ती खिडकीपलीकडच्या माणसांना प्रश्न विचारत आली होती. आज पहिल्यांदा तिला कळलं की समोरचा अर्ज रिकामा का ठेवतो.

"मग माईंनाच विचारतो," काका म्हणाले.

"तिला बोलायला जमत नाही हो. शब्द सापडत नाहीत. काय करायचं ते मी ठरवलंय, खालून वर चढत गेलेली वेल आणि पांढरी फुलं."

"वेल छानच होईल. पण शब्द सापडेपर्यंत मी थांबतो. मला काही घाई नाही." त्यांनी स्टूल ओढलं आणि आईच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. "ताई, तुम्ही तेवढ्यात चहा टाकता का?"

धाकटीला जरा राग आला. स्वतःच्या घरात आपल्याला असं चहाला पिटाळलेलं कुणाला आवडेल? पण ती गेली. चहा उतू गेला, पुन्हा टाकावा लागला. ट्रे घेऊन आली तर पलंग वर केलेला, आणि काका आपली लांब मान वाकवून, आईच्या डोक्याला जवळजवळ डोकं लावून, खिडकीतून बाहेर बघत होते. मावशी पलंगाचा दांडा धरून उभ्या.

"किती वेळा फिरवता हा?" काकांनी विचारलं.

"अठरा," मावशी म्हणाल्या. "रोज अठराच. एकोणिसावा दिला तर माईंची मान दुखते."

काकांनी वहीत अठरा लिहिलं. मग पेन्सिलीने काचेवर, खाली डाव्या कोपऱ्याजवळ, तळहाताएवढी खूण केली. धाकटीने ट्रे ठेवला. आई तिच्याकडे बघत होती, आणि मावशी कुणाकडेच बघत नव्हत्या.

"काय म्हणाली?" धाकटीने विचारलं.

"वेल चालेल म्हणाल्या," काका म्हणाले आणि चहा घेतला.

पंधरा दिवसांनी ती त्यांच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला लाकडी खणांत काचा उभ्या, ताटं ठेवतात तशा. मधल्या टेबलावर खिडकीएवढाच मोठा खाकी कागद, आणि त्यावर तिची वेल. प्रत्येक पान, प्रत्येक पाकळी वेगळी, प्रत्येकीत नंबर. एकूण त्र्याण्णव तुकडे. काका एकेक काच खणातून ओढायचे, उजेडावर धरायचे आणि तिच्या पांढऱ्या रुमालावर तिचा रंग पाडून दाखवायचे. हिरव्यातच सात हिरवे निघाले. आयुष्यात तिला कुणी एवढे हिरवे निवडायला दिले नव्हते. चौथ्यापर्यंत मजा वाटली. पुढे डोकं दुखायला लागलं.

"तुम्हीच ठरवा," ती म्हणाली.

"दमलात."

"रोजचीच आहे मी दमलेली. तुम्ही मनावर घेऊ नका."

काकांनी एका काचेवर काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढली. बारीकसा किर्र आवाज. मग रेघेखाली दोनदा ठोकलं, आणि काच मुकाट्याने दोन झाली. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांधे वितळत्या कथलाने पक्के करायचे, फटींत पुटी भरायची, महिनाभर तरी लागेल, असं त्यांनी सांगितलं.

"आणि एक लक्षात ठेवा. ही काच दिवसा आतल्यांची. बाहेरून बघाल तर काळीठिक्कर दिसेल. संध्याकाळी आत दिवा लावला की मग बाहेरच्यांची."

"बाहेरच्यांशी मला काय करायचंय? दिवसभर तेच तर असतात समोर."

काका हसले नाहीत. त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "एकदा नीट बघून घ्या आणि सही करा. मग मी कापायला घेतो."

धाकटीने कागद ओढून घेतला आणि खाली सही ठोकली. शिक्का असता तर तोही मारला असता.

दीड महिन्याने खिडकी बसली. दोन माणसं मदतीला आली, जुनी काच निघाली, नवी चौकटीत बसली. ऊन चारला आलं तेव्हा मावशींचा पांढरा एप्रन हिरवा झाला आणि त्या स्वतःकडे बघून हसायला लागल्या. आईच्या चादरीवर वेल पडली. भिंतीवर पांढऱ्या फुलांचे दुधी डाग. डोळ्यांत पाणी नाही, पडदा नाही, आवाज नाही. धाकटी दारात टेकून उभी राहिली आणि पाच मिनिटं तिने कशालाही हात लावला नाही.

मग तिला तो तुकडा दिसला.

खाली, डाव्या कोपऱ्याजवळ, एका मोठ्या पानाच्या जागी साधी काच. ना हिरवी, ना दुधी. नुसती आरपार. त्यातून उन्हाची एक पांढरी तिरीप आईच्या हातावर पडली होती. एवढ्या सुंदर वेलीत मधलाच एक दात पडावा तसं ते दिसत होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे असंच होतं. नेहमी तिच्याच बाबतीत होतं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, काहीतरी गरज नसलेलं करायला गेले, तर त्यातही फसवलं. हिरवी काच संपली असणार. म्हणाला असेल, ही बाई काय बघणार आहे, दमलेली आहे, ढकल काहीतरी! तिने तिथल्या तिथे फोन लावला आणि सव्वीस वर्षांत खिडकीच्या भोकातून जे जे ऐकलं होतं ते सगळं, अगदी त्याच सुरात, काचवाल्यांना ऐकवलं.

"रविवारी येतो," काका शांतपणे म्हणाले.

आई पलंगावरून काहीतरी सांगू बघत होती. "न...न..."

"तू नको काळजी करू. बदलून घेते मी," धाकटी म्हणाली आणि तिची कूस बदलली.

रविवारी काका आले ते हातात हत्यारं न घेता. काखेत नुसती कागदाची गुंडाळी. मावशींनी नेमकं त्याच वेळी आईला चाकाच्या खुर्चीवर बसवून न्हाणीघरात नेलं होतं. रविवारी केस धुवायचे असतात. पलंग रिकामा होता.

"ही बघा," धाकटीने बोट दाखवलं. "हिरवी संपली होती का?"

काकांनी जमिनीवर कागद पसरला. वेल, नंबर, सगळं जिथल्या तिथे. एकतीस नंबरच्या पानात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: साधी. आणि खाली तिची सही.

"मी कशावरही सही करते," धाकटी म्हणाली. हे बोलल्यावर तिलाच कसंतरी झालं. "ते काही नाही. हिरवी बसवा. मला ते भोक नकोय. दिवसभर भोकाकडे बघत असते मी, घरी तरी नको."

काकांनी न्हाणीघराच्या बंद दाराकडे बघितलं.

"तुम्हाला सांगणार नाही असा मी माईंना शब्द दिला होता," ते म्हणाले. "पण तुम्ही काढायलाच निघालात, आता माझा इलाज नाही. ताई, जरा आडव्या व्हा."

"काय?"

"माईंच्या जागी. उशीवर डोकं ठेवा."

एरवी ती असल्या गोष्टीला तयार झाली नसती. पण पाठ टेकायला मिळतेय म्हटल्यावर तिच्या अंगाने डोक्याला विचारलंच नाही. ती आडवी झाली. गादीत आईच्या अंगाचा खळगा होता, त्यात ती बरोबर बसली. काकांनी दांडा धरला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पलंग वर यायला लागला. साध्या तुकड्यात दिसणाऱ्या तारा वर सरकल्या, समोरच्या घराचा वरचा मजला वर सरकला. पंधरा, सोळा. अठरा.

एकतीस नंबरची काच आता तिच्या डोळ्यांसमोर होती. आणि त्या काचेत, चौकटीत मापून बसवावं तसं, गंजलेलं शटर होतं आणि दोन दगडी पायऱ्या. वरची पायरी जिथे झिजली आहे तिथपर्यंत स्पष्ट. बाकी गल्लीतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

धाकटीने चष्मा नीट केला आणि पुन्हा बघितलं.

"तीन शब्द बोलायला त्यांना पाच मिनिटं लागली," काका म्हणाले. "तुमचा चहा उतू गेला म्हणून बरं. पहिल्यांदा म्हणाल्या, तिथे ती बसते. मी म्हटलं कोण? तर या तुमच्या मावशींनी सांगितलं."

"मावशींना पण...?"

"पाच वर्षं बघतायत म्हणे दोघी. पलंग आल्यापासून. सहाच्या सुमाराला चहा, चहाला पलंग वर. चहा पिता पिता तुम्ही येऊन बसता."

पाच वर्षं. पाच वर्षं ती दारात उभी राहून म्हणत होती की बस उशिरा आली, आणि दोघी बायका माना हलवत होत्या. म्हणून पडदा नको होता. ओढला तर वेळेवर उघडायचा राहील म्हणून, डोळे लाल झाले तरी नको होता. धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय वाटलं असेल हो तिला? घर समोर असून मुलगी पायरीवर बसून राहते. घरी यायला नको म्हणून."

"मी विचारलं ते," काका म्हणाले. "म्हटलं, माई, वाईट नाही वाटत? तर तुटक तुटक बोलल्या, मधले शब्द मावशींनी जोडले. म्हणाल्या, वर आली की ती कामाला लागते. पाठमोरी असते, वाकलेली असते. खाली बसते तेव्हाच तिचं तोंड दिसतं."

न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला. काकांनी कागद गुंडाळला. दाराशी जाऊन ते म्हणाले, "हिरवा तुकडा कापून ठेवलाय माझ्याकडे. सांगाल तेव्हा बसवतो." आणि जिना उतरून गेले.

धाकटीने काही सांगितलं नाही. आईचे केस पुसले, विंचरले, सूप भरवलं. आईच्या डोळ्याला डोळा मात्र तिने दिला नाही.

सोमवारी ती बसमधून उतरली आणि नाकासमोर बघून चालत सुटली. पायऱ्यांवरून गेली तेव्हा तिकडे मान वळवली नाही. दार उघडलं.

"अगंबाई, ताई! आज इतक्या लवकर?" मावशींच्या हातात चहाचा कप होता. पलंग अठरावर.

"बस वेळेवर आली." धाकटीने पर्स टाकली, हात धुतले आणि औषधांचा डबा उघडला. गोळ्यांचं पाकीट फाडायला लागली. पाय इतके दुखत होते की उभं राहवत नव्हतं.

"ब...स..." आई म्हणाली.

"बसायचंय? बसलीच आहेस की तू. अजून वर करू?"

आईने नाही म्हणून मान हलवली. शब्द शोधायला लागली. धाकटी पाठ करून गोळी कुटत राहिली. मग तिला आठवलं काका काय म्हणाले होते ते, आणि ती वळली.

"बसली... नाहीस," आई म्हणाली.

धाकटीच्या हातातून डबा सुटला. गोळ्या पलंगाखाली गेल्या. ती आईच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. चौपन्न वर्षांच्या बाईने रडू नये तशी, नाक वाहेपर्यंत.

"आई, मला तुझा कंटाळा नाही गं येत. तुला वाटत असेल..."

"ये...तो," आई म्हणाली. तिने डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. "येणारच." थोडा वेळ गेला. ओठ हलत राहिले. "मला...ही येतो. तुझा."

मावशींना हसू फुटलं आणि त्यांनी ते कपात लपवलं. धाकटीही हसली, रडता रडता हसलं की येतो तसला चमत्कारिक आवाज आला.

"जा," आईने हाताने तिला ढकललं. ढकलण्यात जोर नव्हता, पण हुकूम होता. "बसून... ये."

"जा हो ताई," मावशी म्हणाल्या. "सातपर्यंत मी आहे. गोळ्या मी गोळा करते."

धाकटी पुन्हा जिना उतरली. दिवस लहान होत चालले होते, ऊन घरांमागे गेलं होतं. तिने वरच्या पायरीवर बसून चपला काढल्या. वर बघितलं तर काका म्हणाले होते तसंच होतं. तिची वेल बाहेरून काळी पडलेली, जुन्या तव्यासारखी. मांजर आलं नाही. पाठ दुखत होती, गुडघे दुखत होते, आणि रात्रीचं सगळं काम अजून व्हायचं होतं. त्यातलं काहीच कमी झालं नव्हतं.

तेवढ्यात वर मावशींनी दिवा लावला. सातही हिरवे एकदम गल्लीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांच्यामध्ये ती दुधी फुलं. रस्त्याने जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला. खाली डाव्या कोपऱ्यात एकतीस नंबरची काच नुसती पिवळी दिसत होती, आणि तिच्यामागे कुणीतरी हललं.

गल्लीत अजून माणूस ओळखू येण्याइतका उजेड होता. धाकटीने चष्मा काढून पुसला आणि परत डोळ्यांवर न लावता हातातच ठेवला. मग ती पायरीवर थोडी वळून बसली आणि तिने तोंड खिडकीकडे केलं.